लंडन ते मालवण, व्हाया बेळगाव

"लंडन कितके मैल रे?" आबांनी विचारलं.

"साडेचार हजार."

"आणि वारो खंयचो?"

हा प्रश्न मला मुंबईत कुणी विचारत नसे. पॅसेंजर विचारतात जेवण काय मिळेल आणि खिडकी मिळेल का. वाऱ्याची चौकशी फक्त पायलट करतात, आणि त्या दिवशी ती करत होते आबा, म्हणजे आमचे शेजारी भिकाजी तांडेल. तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान. मालवणच्या बंदरातून मंगलोर, कराची आणि थेट बसऱ्यापर्यंत त्यांनी शिडावर गलबतं नेली होती. आता मात्र ते बाजल्यावर पडून होते. पाय सुजून जड झालेले, दोन वाक्यांत एकदा दम खावा लागायचा. डॉक्टरांनी मला पडवीत बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हृदय थकलंय. आठवडा काढला तर पुष्कळ झालं. कुणाला बोलवायचं असेल तर आजच बोलवा."

बोलवायचं होतं ते एकच माणूस, त्यांची एकुलती एक मुलगी शालू. ती लंडनच्या एका हॉस्पिटलात नर्स होती.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. लंडन-मुंबई मार्गावर जेट नुकतं आलं होतं. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि आमचं मालवण रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होतं. मी एका विमान कंपनीत सांताक्रूझला नोकरीला होतो आणि नारळी पौर्णिमेसाठी रजा काढून घरी आलो होतो. आबांचं घर आमच्या कुंपणाला लागून. वाडीत मला सगळे ‘इमानवालो’ म्हणत. मी विमान चालवतो असाच सगळ्यांचा समज होता आणि तो काढण्याचा मी फारसा प्रयत्न केला नाही. खरं तर मी विमान चालवत नव्हतो, विमानाचा कागद चालवत होतो. आमच्या विभागाला फ्लाइट डिस्पॅच म्हणतात. उड्डाणाआधी आम्ही अंतर, वारा, हवा, इंधन आणि वजन यांचा हिशेब करून पायलटच्या हातात देतो. त्याला फ्लाइट प्लॅन म्हणायचं.

अंतराचं सांगायचं तर, नकाशावर पट्टी ठेवून विमानाचं अंतर मोजता येत नाही. मुलांचा चेंडू घ्या, त्यावर दोन ठिपके काढा आणि दोन्हींना दोरा ताणून धरा. दोरा ज्या वाटेने जाईल ती सगळ्यात जवळची वाट. तिला ग्रेट सर्कल म्हणतात. लंडन-मुंबई त्या वाटेने साडेचार हजार मैल भरतं. विमान मात्र इंधन भरायला मधे उतरतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच उडतं.

"युरोपवरून वारो पाठीर," मी आबांना सांगितलं. "पण समुद्रार इल्यावर उलटो. पावसाळ्यात तितक्या उंचार पूर्वेचो वारो असता."

आबांनी डोळे उघडले. "खाली पश्चिमेचो आणि वर पूर्वेचो?"

"होय."

"असा कसा?"

"असाच असता, आबा. आम्ही रोज मोजतो."

सबंध जन्म ज्या वाऱ्यावर काढला त्याच्या डोक्यावर दुसराच वारा वाहतो, हे त्यांना त्या आजारपणातही पचवावंसं वाटत होतं. मग म्हणाले, "मगे कितक्या वेळात?"

"बारा तास. लंडन ते मुंबई."

स्वयंपाकघराच्या दारात काकी, म्हणजे आबांची बायको, उभी होती. तिने बारा तास एवढंच ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते वाडीत घरोघरी झालं होतं. शालू बारा तासांत येता.

हे बारा तास म्हणजे काय, तेही सांगतो. विमान उभं असतं तेव्हा त्याच्या चाकांपुढे लाकडी ठोकळे लावलेले असतात. ते काढल्यापासून दुसऱ्या गावी पुन्हा लावेपर्यंत जो वेळ जातो, तो ब्लॉक टाइम. टाइमटेबलात छापतात तो हाच. माणूस घरातून कधी निघाला आणि घरी कधी पोचला, याच्याशी टाइमटेबलाचं काही देणंघेणं नसतं. आमच्या खात्यात माणसाचा प्रवास ठोकळ्यापासून ठोकळ्यापर्यंत.

शालूला तार गेली. दुसऱ्या दिवशी तिची उलट तार आली की रजा मिळाली आहे, पण विमानात जागा नाही. मी पोस्टात जाऊन मुंबईला ट्रंक कॉल लावला. माझे साहेब पिंटो. माणूस तिखट, पण कामाचा.

"भास्कर, तू लीव्हवर आहेस ना? मग मासे खा आणि झोप."

"साहेब, पावसाळ्यात इथे मासे नसतात. लंडनहून एक सीट पाहिजे. पुढच्या फ्लाइटची."

"फुल आहे. वेटिंग लिस्टवर आधीच लोक आहेत."

"मुलीचा बाप मरायला टेकलाय, साहेब."

"तुझी कोण?"

"शेजारची."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"लंडन ऑफिसला टेलेक्स टाकतो. कुणी आलं नाही तर तिला बसवतील. प्रॉमिस करत नाही."

"आणि पुढे बेळगावची एक सीट."

"बेळगाव कशाला? मुंबईहून तुमची बोट नाही का?"

"बोट पावसाळ्यात बंद असते, साहेब."

"मग तुम्ही लोक पावसाळ्यात आजारी कशाला पडता?" म्हणाले आणि फोन ठेवला. पण टेलेक्स टाकला, दोन्ही जागा मिळवल्या आणि मला तशी तारही केली. या प्रकरणात मनापासून आभार मानावेत अशी जी थोडी माणसं आहेत, त्यांत मी पिंटोसाहेबांना पहिलं धरतो.

मग मी घरी बसून प्लॅन केला. आयुष्यात हजारो प्लॅन केले असतील, पण इतक्या काळजीने एकही नाही. मुंबईहून मालवणला यायच्या वाटा अशा. बोट बंद. रात्रीच्या गाडीने कोल्हापूर आणि तिथून एसटीने घाट उतरून कणकवली, हा एक रस्ता. त्यात दोन दिवस मोडत आणि एसटी चुकली तर तिसराही. आमच्या किनाऱ्याला सगळ्यात जवळची धावपट्टी बेळगावची. मुंबईहून तिथे छोटं डाकोटा विमान जायचं, पण रोज नाही. शालू ज्या पहाटे मुंबईत उतरणार होती, त्या दिवशी ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. बेळगावहून टॅक्सीने आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, कुडाळ आणि मालवण. एक दिवस मुंबईत बसून राहिली तरी ती गाडीपेक्षा लवकर पोचत होती.

प्रत्येक प्लॅनला एक अल्टरनेट लागतो. ठरलेल्या विमानतळावर धुकं असलं, पाऊस असला आणि उतरता आलं नाही, तर कुठे जायचं ते आधीच लिहून ठेवायचं. बेळगाव बंद असेल तर विमान परत मुंबईला आणि शालू रात्रीच्या गाडीला. तसं झालं असतं तर सगळंच संपलं असतं, हे मला माहीत होतं. म्हणून तो भाग मी कुणाला सांगितला नाही.

शालू पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे मुंबईत आणि पौर्णिमेला दुपारी तीन ते चारच्या दरम्यान मालवणात. हा माझा हिशेब. ईटीए म्हणतात त्याला, पोचण्याची अंदाजे वेळ. मी तो काकीला सांगितला आणि आबांचा पुतण्या दाजी समोर होता, त्यालाही सांगितला, आणि शालूला वाटेसकट तारेने कळवला.

ती लंडनहून निघाली त्या दिवशी मी दुपारपासून आबांच्या उशाशी बसलो होतो. उडत्या विमानाला ठरावीक ठिकाणी आपण कुठे आहोत ते रेडिओवर कळवावं लागतं. त्याला पोझिशन रिपोर्ट म्हणतात. मी रेडिओशिवायच आबांना ते रिपोर्ट देत होतो. अर्थात सगळे अंदाजाचे. आबांना ग्लानी यायची, जाग आली की विचारायचे.

"खंय पावली?"

"रोमाक उतरली असतली."

पुन्हा डोळा लागायचा. पुन्हा जाग.

"आता खंय?"

दिवेलागणीची वेळ होती. "बैरूताच्या वाटेर. तेच्या फुडे बसऱ्याच्या बाजून खाली, मगे आखात, मगे आपलो समुद्र."

"बसऱ्यावरसून येता?" त्यांचा आवाज एकदम मोठा झाला. "अगो, ऐकलंस? चेडू बसऱ्यावरसून येता. म्हंजे वळखीच्या वाटेर आसा."

त्या संध्याकाळी त्यांनी वाटीभर पेज घेतली. मला फार बरं वाटलं. त्यानंतर त्या घरात बरं वाटावं असं काही घडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून तार आली. शालू सुखरूप उतरली होती आणि माझ्या बिऱ्हाडी थांबली होती. मी तार वाचून दाखवली आणि वाडीतल्या बायका आवराआवर करू लागल्या. कुणी सडा घातला, कुणी दुपारच्या भाताचा एक वाटा जास्त टाकला. मी म्हणालो, "अगो, ती उद्या येतली, उद्या दुपारी." कुणी ऐकून घेतलं नाही. आमच्या लोकांची ही जुनी खोड. घरटी एक माणूस मुंबईला. बोटीत संध्याकाळी बसायचं आणि उजाडता मालवणच्या धक्क्यावर उतरायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्यामुळे मुंबई हे त्यांच्या हिशेबी दुसरं गावच नव्हे. परमुलखातला माणूस मुंबईला पोचला की तो घरी आला असं धरून चालायचं. बोट बंद आहे हे ठाऊक असूनही.

दुपार झाली, संध्याकाळ झाली. शालू आली नाही. शेजारीण भाताचं भांडं उचलून घेऊन गेली. "इमान चुकला वाटता," असं कुणीतरी म्हणालं. मग माझ्याकडे बघून हसणंही झालं. आबांनी मात्र दिवसभरात एकदाच विचारलं. मी म्हणालो, मुंबईत आहे. "मुंबईत कित्याक?" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

पौर्णिमेच्या सकाळी आबा गेले. फार त्रास झाला नाही. काकी पाणी पाजत होती, पाणी ओठातून बाहेर आलं. मी घड्याळ बघितलं, ही माझी धंद्याची सवय. डाकोटा त्या वेळी मुंबईहून सुटलं असावं.

आता इथली एक रीत सांगायला हवी. वाडीत प्रेत असेपर्यंत कुणाच्या घरी चूल पेटत नाही. देवळाचं दार बंद राहतं, पूजा होत नाही. त्यात नारळी पौर्णिमा. पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर उपड्या असतात. त्या दिवशी देवळातून वाजतगाजत निघायचं, समुद्राला नारळ द्यायचा आणि मग होड्या पाण्यात लोटायच्या. तोवर घरात पैसा नाही आणि ताटात मासा नाही. होड्यांना तेलपाणी झालं होतं, नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, कुंकू लागलं होतं. आणि देवळाचं दार बंद.

वाडीचे मानकरी नाना गावकार. नारळ त्यांच्या हातून पडायचा. सकाळी नवाच्या सुमारास ते आबांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. आबांच्या गलबतावर त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. डोळे पुसत होते.

"भटजी म्हणाले, पुनव पाचाक सुटता," नाना म्हणाले. "तेच्या आधी नारळ पडाक व्हयो. म्हंजे आता उचलूक व्हया. मसणातसून येवन न्हाणीधुणी, मगे देवळाचा दार."

मी त्यांना थांबायला सांगितलं. "नाना, शालू तीन-चारपर्यंत येता. तोवर रवा."

"कोणी सांगितल्यान?"

"मी सांगतंय. हिशेब केलेलो आसा."

"तुझो हिशेब माका सांगू नको, भास्कर. तूच बारा तास म्हणालंस. ती निघाल्याक आज तिसरो दीस."

"बारा तास लंडन ते मुंबई. मी तेव्हाच सांगितलेलंय."

"मगे? मुंबई काय परमुलूख आसा?"

मी पायलटांशी वाद घातले आहेत, कस्टमवाल्यांशी घातले आहेत. मुंबई दूर आहे हे नानांना पटवणं त्या सगळ्यांहून अवघड होतं. दाजी, ज्याच्या हातून अग्नी दिला जाणार होता, तो पुढे येऊन म्हणाला, "नाना, माझी काय घाई नाय. रवया जरा." नानांनी त्याला हातानेच गप्प केलं.

साडेअकराला पोस्टातून तार आली. बेळगावहून, शालूची. उतरले, टॅक्सीने निघते. ढग असूनही डाकोटा उतरलं होतं. मी धावतच आलो. एवढ्या आनंदाने मी प्रेताच्या घरात शिरलो याची मला नंतर लाज वाटली, पण त्या क्षणी मला आनंदच झाला होता. साडेचार हजार मैल संपले होते. शेवटचे शंभर मैल राहिले होते.

"ही बघा तार. बेळगावाक उतरली. चारच्या आत हंय येता."

नाना म्हणाले, "बेळगावाच्या फुडे घाट आसा. पावसाचो घाट. कधी पावतली तां देवाक ठावक."

"नारळ उद्या घाला. चार-पाच वर्सां मागे बाळगो मेलो तेव्हा तेच्या झिलासाठी रवलेलास तुम्ही. रातभर मढा ठेवलेला. नारळ दुसऱ्या दिसा पडलो. समुद्रान काय केल्यान?"

"तो झील." म्हणजे मुलगा.

"आणि आज झील येवचो असतो तर?"

नानांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "तर रवलो असतो. खोटा कित्याक सांगू? झिलाच्या हातान आग पडूची असता. चेडवाच्या हातान काय होवचा आसा? बायल माणूस मसणात येणा नाय. ती येवन करतली काय?"

"बापाशीचा तोंड बघतली."

"तोंड बघून मेलेलो उठता काय रे? हंय पोरां सकाळपासून उपाशी आसत."

तेही खोटं नव्हतं. शेजारच्या घरात एक मूल रडत होतं आणि त्याला पेज द्यायला चूल पेटलेली नव्हती. तेवढ्यात काकी बाहेर आली. मला वाटतं, त्या घरात लग्न होऊन आल्यापासून चारचौघांत ती पहिल्यांदाच बोलली असेल. "नाना, माझा चेडू वाटेर आसा. रवा."

खळ्यात वीसेक पुरुष होते. एकानेही मान वर केली नाही. नाना हलक्या आवाजात म्हणाले, "वयनी, गाव खोळंबलो." आणि उठले.

एक वाजता आबांना उचललं. नानांनी मला खांदा द्यायला हाक मारली. मी गेलो नाही. त्यावरून पुढे बोलणी खाल्ली ती खाल्ली. मी सडकेच्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो. कुणीतरी तिला घ्यायला हवं होतं, आणि घरात शिरण्याआधी सांगायलाही हवं होतं. पाऊस थांबून थांबून पडत होता. मी मनात टॅक्सी पुढे सरकवत होतो. आता सावंतवाडी, आता कुडाळ. घाटात दरड पडली असली तर बरं, असंसुद्धा एकदा मनात आलं. ती रात्री आली असती, उद्या आली असती, तर निदान निसर्गावर ढकलता आलं असतं. मी ज्या प्लॅनवर इतकी मेहनत घेतली होती, तो फसावा असं मला वाटत होतं.

तो फसला नाही. साडेतीनला टॅक्सी आली.

शालू मागच्या सीटवर बसली होती. अंगात लंडनचा लोकरी कोट, केस विस्कटलेले, डोळे लाल. मला बघून तिने दार उघडलं आणि गाडी पुरती थांबायच्या आधीच उतरली.

"दादा, मी वेळार इलंय मां? तुमी तीन-चार म्हणालेलास."

"वेळार इलंस," मी म्हणालो.

पुढचं मला सांगावं लागलं नाही. माडांच्या पलीकडून ढोल ऐकू येऊ लागला होता. देवळाचं दार उघडलं होतं आणि नारळ निघाला होता. त्या दिवशी वाडीत ढोल वाजतो याचा अर्थ काय, हे लंडनहून आलेल्या मुलीलाही कळत होतं. ती गाडीच्या दाराला धरून उभी राहिली.

"आबा कधी गेले?"

"सकाळी. सातच्या सुमारास."

"मगे उचलल्यांनी कधी?"

"एकाक."

तिने माझ्याकडे बघितलं. "तार मेळाक नाय?"

"मेळली. मी सगळ्यांका दाखवलंय."

टॅक्सीवाला बेळगावचा, त्याला मालवणी कळत नव्हतं, पण त्याने इंजिन बंद केलं आणि टोपी काढली. मग शालू अगदी साध्या आवाजात म्हणाली, "थंय हॉस्पिटलात मी परक्या माणसांका धुतंय, दादा. त्यांचे डोळे मिटतंय. त्यांच्या पोरांका गाडी मेळाक नाय, उशीर झालो, तर आम्ही रवतो. सिस्टर म्हणता, रवा, त्यांची माणसां येतत." आणि मग रडू लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करता येण्यासारखं होतं?

घरी काकी उंबऱ्यात बसली होती. शालूला बघून ती उठली नाही. "मी रवा म्हटलंय गो," एवढंच म्हणत राहिली. "मी म्हटलंय."

पाचच्या आधी नारळ पडला. होड्या पाण्यात गेल्या. संध्याकाळी वाडीतल्या सगळ्या चुली पेटल्या आणि आबांच्या घरी कुणीतरी रीतीप्रमाणे जेवण आणून दिलं. नाना स्वतः आले होते. शालूसमोर बसले, गलबतावरच्या आठवणी काढल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मनापासून केलं त्यांनी ते. मला त्यांचा राग आला, आणि आज इतक्या वर्षांनी ते हयात नसतानाही तो गेलेला नाही. ते वाईट असते तर सोपं झालं असतं.

शालू तेराव्यापर्यंत राहिली आणि परत गेली. काकीला घेऊन जाते म्हणाली, काकी गेली नाही. त्यानंतर शालू दर महिन्याला पत्र लिही, पैसे पाठवी, पण आली नाही. मला मुंबईच्या ऑफिसच्या पत्त्यावर तिचं एक पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, "दादा, आईचं काही झालं तर तार करू नका. सगळं झालं की साध्या टपालाने कळवा. मी वाटेत असताना तिला उचलतील, त्यापेक्षा आधी माहीत नसलेलं बरं."

काकी गेली ती काही वर्षांनी, जानेवारीत. बोट चालू होती. हवा स्वच्छ होती. जेट पहिल्यापेक्षा लवकर पोचू लागलं होतं. आजार दहा-बारा दिवसांचा होता. शालू सहज पोचली असती, अगदी सावकाश. मी तेव्हाही वाडीतच होतो. पोस्टात गेलो, तारेचा फॉर्म मागितला, हातात धरून उभा राहिलो आणि परत दिला. काकीचं सगळं झाल्यावर साध्या टपालाने कळवलं.

पुढे निवृत्त होऊन मी गावी आलो. अजूनही लोक येतात. कुणाचा मुलगा मस्कतला, कुणाचा कुवेतला. घरात कुणी अत्यवस्थ झालं की विचारतात, "भास्करकाका, थंयसून हंय येवक कितके तास?" मैल मला अजून तोंडपाठ आहेत. ब्लॉक टाइम सांगता येतो, पुढची एसटी, रिक्षा, सगळं जोडून ईटीए काढता येतो. पण मी लगेच सांगत नाही. आधी विचारतो, तुम्ही थांबणार आहात का? आणि येणारा मुलगा आहे की मुलगी? लोकांना वाटतं म्हातारा चक्रम झालाय. मी उत्तराची वाट बघतो. कुणीही असलं तरी थांबू, असं म्हणाले तरच कागद-पेन्सिल घेतो.